दर सहा महिन्यांनी बदलणारी नोकरी : वेगाने वाढणाऱ्या स्टार्टअपमध्ये काम कसे करावे

वेगाने वाढणाऱ्या टेक स्टार्टअपमध्ये काम फार असते, ही तक्रार खोटी नाही. पण तिथे नव्याने रुजू झालेल्याला अडचणीत आणणारी गोष्ट बहुधा वेगळीच असते. ज्या कामासाठी आपली निवड झाली ते काम सहा-आठ महिन्यांत त्या स्वरूपात उरत नाही, आणि ते उरलेले नाही हे आपल्याला कोणी बोलावून सांगत नाही. पद तेच, पगार तोच, बसायची जागाही कदाचित तीच. अपेक्षा मात्र बदललेल्या असतात. ज्यांना हे वेळेवर उमगते ते अशा कंपनीत दोन-तीन वर्षांत पुष्कळ शिकतात आणि ज्यांना उमगत नाही ते रात्री जागूनही वार्षिक आढाव्यात मागे पडतात. पुण्यातील हिंजवडी-खराडीच्या एखाद्या मोठ्या आयटी सेवा कंपनीत तीन ते आठ वर्षे काढून आता बाणेर, पवई किंवा बंगळुरूच्या कोरमंगला-एचएसआर लेआउट भागातील तीस ते तीनशे माणसांच्या कंपनीत जाऊ पाहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

काम असे का बदलते, याचे उत्तर साध्या गणितात आहे. पंधरा माणसांच्या कंपनीत दोघादोघांच्या जोड्या होतात १०५. दीडशे माणसांच्या कंपनीत होतात ११,१७५. माणसे दहापट झाली, पण एकमेकांना सांगण्या-विचारण्याच्या वाटा शंभरपटीहून अधिक वाढल्या. पंधरा जण चहाच्या वेळी जे ठरवून मोकळे होत, तेच ठरवायला दीडशे जणांना लेखी टिपण, बैठक, मंजुरी आणि कुणाचे काम कुठे संपते याची आखणी लागते. त्यामुळे ‘पूर्वी इथे किती मोकळे वातावरण होते’ असे जुनी मंडळी म्हणू लागतात. त्यात कुणाचा दोष असतोच असे नाही. कंपनी वाढली की हे व्हायचेच, आणि नोकरी धरताना ते गृहीत धरूनच धरावी.

रुजू होण्यापूर्वी काय विचारावे

मुलाखतीत पैशांविषयी खोदून विचारणे आपल्याकडे अनेकांना अशिष्ट वाटते. स्टार्टअपच्या बाबतीत हा संकोच महागात पडतो, कारण तिथे पगार देणारा पैसा बहुधा ग्राहकांकडून नव्हे तर गुंतवणूकदारांकडून आलेला असतो, आणि तो संपतो. म्हणून पहिला प्रश्न रनवेचा : सध्याच्या खर्चाच्या गतीने खात्यातील पैसा किती महिने पुरेल? नेमकी रक्कम कोणी सांगणार नाही, पण ‘दीड-दोन वर्षे’ किंवा ‘पुढच्या राउंडची (गुंतवणूक उभारण्याच्या फेरीची) बोलणी चालू आहेत’ एवढे उत्तर मिळायला हरकत नसते. ज्या फाउंडरला हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो, त्याच्याकडून पुढे वाईट बातमीही वेळेवर कळणार नाही, असे समजून चालावे.

उत्तर ताडून पाहण्याची सोयही आहे. खाजगी मर्यादित कंपनीलाही दर वर्षी लेखापरीक्षित हिशोब कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल करावे लागतात आणि मंत्रालयाच्या पोर्टलवर अल्प शुल्क भरून ते कोणालाही पाहता येतात. मार्चअखेरचे हिशोब साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत दाखल होतात, त्यामुळे माहिती थोडी शिळी असते. तरीही उत्पन्न, कर्मचाऱ्यांवरील खर्च, बँकेतील शिल्लक आणि लेखापरीक्षकाचे शेरे या चार गोष्टी पाहिल्या की सांगितलेल्या गोष्टीत किती तथ्य आहे ते कळते. शेवटचे दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत. उत्पन्न दुप्पट आणि तोटा चौपट होत असेल, तर ‘वेगाने वाढणारी’ हे विशेषण नेमके कशाला लागू आहे याचा विचार करावा.

दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही : सरकारच्या किंवा रिझर्व्ह बँकेच्या कोणत्या एका आदेशाने हा धंदा थांबेल? हा काल्पनिक प्रश्न नाही. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई करण्यासह कडक निर्बंध घातले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला आणि मुंबईच्या ड्रीम११ या ऑनलाइन खेळांच्या कंपनीला आपल्या सशुल्क स्पर्धा थांबवाव्या लागल्या. दोन्ही ठिकाणी अभियंते उत्तम होते, ग्राहक भरपूर होते. त्याचा उपयोग झाला नाही. पैशांचे व्यवहार, कर्जवाटप, औषधे, शिक्षण किंवा खेळ या क्षेत्रांतील कंपनीत हा प्रश्न अवश्य विचारावा आणि उत्तर फाउंडरला पाठ आहे की तो प्रथमच विचारात पडला आहे, हेही पाहावे.

तिसरा प्रश्न स्वतःच्या जागेविषयीचा. ही जागा का निर्माण झाली, माझ्याआधी हे काम कोण पाहत होते, आणि ती व्यक्ती आता काय करते? ‘तीच व्यक्ती आता नवी टीम सांभाळते’ हे उत्तर चांगले. ‘आधीचे दोघे वर्षाच्या आत गेले’ हे उत्तर मिळाले, तर त्या दोघांपैकी एकाशी बोलल्याशिवाय सही करू नये. लिंक्डइनवर माजी कर्मचारी शोधणे दहा मिनिटांचे काम आहे आणि नम्रपणे विचारले तर बहुतेक जण खरे बोलतात.

ऑफर लेटर कसे वाचावे

सीटीसीचा, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चाचा, मोठा आकडा फोडून पाहावा. त्यात हाती येणारा निश्चित पगार किती, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग (व्हेरिएबल) किती, कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी आत धरली आहे का, आणि ईसॉपची (पुढे कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काची) ‘किंमत’ त्यात मिसळली आहे का, हे एकेक करून लिहून काढावे. चाळीस लाखांच्या ऑफरमध्ये निश्चित पगार सव्वीस लाख, व्हेरिएबल चार लाख आणि ईसॉप दहा लाख असेल, तर घरभाडे, हप्ते आणि घरी पाठवायचे पैसे सव्वीस लाखांवरच बेतावेत. रुजू होताना मिळणारा बोनस वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो, ही अट बहुधा शेवटच्या पानावर असते. नोटिस पिरियड साठ दिवसांचा की नव्वद, आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे का, हेही तपासावे.

बौद्धिक संपदेचे कलम मात्र शब्दन् शब्द वाचावे. काही करारांत नोकरीच्या काळात केलेली कोणतीही निर्मिती कंपनीच्या मालकीची ठरते. आपला एखादा ओपन सोर्स (कोड सर्वांसाठी खुला असलेला) प्रकल्प किंवा रविवारचे छोटे अॅप असेल तर त्याचा अपवाद सहीपूर्वीच लेखी घ्यावा. ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशा कलमाने मात्र फार घाबरू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार उपजीविकेवर असे बंधन घालणारा करार साधारणपणे ग्राह्य धरला जात नाही. अर्थात कंपनीची गोपनीय माहिती बाहेर न नेण्याची अट वेगळी. ती पूर्णपणे लागू असते.

ईसॉपचे गणित

ईसॉप हा विषय सविस्तर मांडायला हवा, कारण ‘बाजारात तुरी’ ही म्हण इतकी चपखल दुसरीकडे कुठे बसत नाही. ईसॉप म्हणजे शेअर नव्हेत. ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा तो हक्क असतो. हा हक्क हळूहळू पक्का होतो, त्याला व्हेस्टिंग म्हणतात. दिल्यापासून किमान एक वर्ष व्हेस्टिंग सुरू करता येत नाही, असा भारतीय कंपनी कायद्याखालील नियम आहे. रूढ पद्धत चार वर्षांची : पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर एक चतुर्थांश, उरलेले दरमहा किंवा दर तिमाहीला.

समजा, आपल्याला ४,००० ऑप्शन (म्हणजे असे हक्क) मिळाले आणि प्रत्येकी १० रुपयांना शेअर घेण्याचा हक्क आहे. पहिला प्रश्न हा की ४,००० कशापैकी? सर्व ऑप्शन धरून कंपनीचे एकूण एक कोटी शेअर असतील, तर आपला वाटा ०.०४ टक्के. हा छेद माहीत नसेल तर अंशाला काही अर्थ नाही. ‘आकडा गोपनीय आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा टक्केवारी तरी लेखी मागावी.

आता समजा दोन वर्षे झाली, २,००० ऑप्शन पक्के झाले आणि तोवर शेअरचे ठरवलेले मूल्य ५१० रुपये झाले. ते घेण्यासाठी कंपनीला २०,००० रुपये द्यायचे. पण ५१० आणि १० यांतील ५०० रुपयांचा फरक, म्हणजे २,००० शेअरवर १० लाख रुपये, हे त्या वर्षीचे पगारी उत्पन्न समजले जाते. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्यावर उपकरासह ३ लाख १२ हजार रुपये कर बसतो आणि कंपनी तो पगारातून कापते. हातात आलेला शेअर कोणत्याही शेअर बाजारात नोंदलेला नसल्याने विकता येत नाही. म्हणजे न मिळालेल्या पैशांवर मिळालेल्या पैशांतून कर. विशिष्ट स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० पासून आहे, पण नुसती स्टार्टअप म्हणून नोंदणी असणे त्यासाठी पुरत नाही. आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. आपल्या कंपनीकडे ते आहे का, हे एचआरला विचारावे. पुढे शेअर विकल्यावर भांडवली नफ्यावरचा कर वेगळा. शेअर बाजारात नोंद नसलेला शेअर २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवला असेल तर तो साडेबारा टक्के आहे.

तिसरी गोष्ट लिक्विडेशन प्रेफरन्सची. कंपनी विकली गेल्यास आपली मूळ रक्कम आधी उचलण्याचा हक्क गुंतवणूकदारांनी बहुधा राखून ठेवलेला असतो. कंपनीने आजवर ३०० कोटी उभारले आणि ती ३२० कोटींना विकली गेली, असे धरू. वरवर पाहता ०.०४ टक्क्यांचे १२ लाख ८० हजार रुपये व्हायला हवेत. प्रत्यक्षात ३०० कोटी गुंतवणूकदार घेतात आणि उरलेल्या २० कोटींत फाउंडर आणि सर्व कर्मचारी वाटेकरी असतात. फाउंडर-कर्मचारी मिळून वाटा चाळीस टक्के असेल, तर आपले चारही वर्षांचे ऑप्शन पक्के झालेले धरूनही हाती येतात सुमारे दोन लाख, आणि त्यातून शेअर घेण्याचे चाळीस हजार वजा. ‘कंपनी ३२० कोटींना विकली’ ही बातमी वर्तमानपत्रात मात्र थाटात येते.

याचा अर्थ ईसॉप निरुपयोगी असतात असा नाही. चेन्नईत सुरू झालेली सॉफ्टवेअर कंपनी फ्रेशवर्क्स सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदली गेली तेव्हा तिचे पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाल्याचे सांगितले गेले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात २,१५० रुपयांना विक्रीस आलेला पेटीएमचा शेअर पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्क्यांनी घसरला. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन मिळालेली ऑनलाइन शिक्षण कंपनी बायजूज जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेव्हा ईसॉप घ्यावेत, समजून घ्यावेत, आणि घराच्या हप्त्याच्या हिशोबात त्यांची किंमत शून्य धरावी.

पहिले दोन महिने

पहिल्या आठवड्यात एखादा छोटा बदल प्रोडक्शनपर्यंत, म्हणजे ग्राहक वापरतात त्या प्रणालीपर्यंत, न्यावा. तो किती किरकोळ आहे याला महत्त्व नाही. कोड कुठून कुठे जातो, कोण तपासतो आणि बिघडले तर मागे कसे घेतात, हे त्या एका फेरीत कळते. त्याबरोबरच ग्राहक मदत विभागाकडे आलेल्या मागील महिन्याच्या तक्रारी वाचाव्यात. कंपनी आपल्या उत्पादनाविषयी काय सांगते ते संकेतस्थळावर असते. ते कुठे तुटते ते या तक्रारींत असते.

कोडमध्ये विचित्र गोष्टी आढळतील. एकाच ग्राहकासाठी लिहिलेली स्वतंत्र अट पाच ठिकाणी दिसेल आणि ती पुसून टाकण्याचा मोह होईल. त्याआधी विचारावे. तो बहुधा कंपनीचा पहिला मोठा ग्राहक असतो, त्याच्या पैशांवर सगळ्यांचे पहिल्या वर्षीचे पगार झालेले असतात, आणि त्याचा करार अजून चालू असतो. जुन्या माणसाला ‘हे असे का केले?’ यापेक्षा ‘हे लिहिले तेव्हा परिस्थिती काय होती?’ असे विचारले तर उत्तर अधिक मिळते आणि कटुताही येत नाही. ‘आमच्या आधीच्या कंपनीत’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये पहिले तीन महिने मनातच ठेवावीत. मोठ्या कंपनीतून आलेल्यांविषयी इथे एक अढी असते, आणि ती पक्की व्हायला एवढे पुरते.

नव्या माणसाकडे एक अशी गोष्ट असते जी महिन्याभरात जाते : काय लिहिलेले नाही, हे त्यालाच दिसते. लॅपटॉपवर सगळी व्यवस्था उभी करताना जिथे जिथे कोणाला विचारावे लागले, तिथे तिथे ते उत्तर टिपणात घालावे. तीन महिन्यांनी आणखी दहा जण येणार असतात. त्यांच्यापर्यंत आपले नाव या टिपणामुळे पोहोचते.

ऑन-कॉलची रात्र

ऑन-कॉलची पाळी, म्हणजे अवेळीही बिघाड झाला तर धावून जाण्याची जबाबदारी, अशा कंपनीत टळत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री पावणेबाराला फोन वाजतो. अयशस्वी होणाऱ्या पेमेंटचे प्रमाण दोन टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर गेलेले असते. नवखा माणूस अशा वेळी एकटाच कोड वाचत बसतो. तसे करू नये. आधी अलर्ट (बिघाडाची सूचना) स्वीकारल्याची नोंद करावी आणि टीमच्या चॅटच्या चॅनेलवर तीन ओळी टाकाव्यात : काय दिसते आहे, कधीपासून, मी पाहतो आहे. मग संध्याकाळपासून काय रिलीज झाले, म्हणजे कोणते नवे बदल ग्राहकांपर्यंत गेले, ते पाहावे. सहा वाजता काही गेले असेल आणि साधारण तेव्हापासूनच आलेख चढू लागला असेल, तर कारण समजेपर्यंत थांबू नये. रिलीज मागे घ्यावे. कारण उद्या सकाळीही सापडते, दिवाळीच्या खरेदीला निघालेला ग्राहक सापडत नाही. रिलीज मागे घेऊनही आकडा खाली आला नाही, तर बिघाड आपल्याकडे आहे की बँकेकडे हे वेगळे काढावे : एकाच बँकेचे व्यवहार पडत असतील तर तो मार्ग तात्पुरता बंद करून इतर मार्ग पुढे करावेत. दर पंधरा मिनिटांनी चॅनेलवर एक ओळ टाकावी, नवे काही नसले तरी. गप्प राहिले की वरचे चार जण फोन करू लागतात आणि काम थांबते.

दुसऱ्या दिवशी घटनेचे टिपण लिहावे : कोणत्या वेळी काय घडले, ग्राहकांवर काय परिणाम झाला, कळायला उशीर का झाला, आणि पुन्हा होऊ नये म्हणून कोणते काम कोण कधीपर्यंत करणार. त्यात चूक करणाऱ्याचे नाव नसावे. ज्या कंपनीत अशा टिपणात नाव घालण्याचा आग्रह धरला जातो, तिथे लोक बिघाड लपवू लागतात. आणि पाळीत किती जण आहेत ते पाहावे. पाच-सहा जण असतील तर ठीक. दोघेच असतील, तर दर दुसऱ्या आठवड्याला झोपेची खात्री नाही असा त्याचा अर्थ, आणि ही गोष्ट मॅनेजरला तोंडी नव्हे तर लेखी कळवावी.

काम सोपवणे

लेखाच्या सुरुवातीला काम बदलते असे म्हटले, त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की हातातले काम वेळेवर दुसऱ्याला देता आले पाहिजे. वेगाने वाढणाऱ्या कंपनीत सर्वांत अवघड कौशल्य हेच, आणि ते शिकवले जात नाही.

एक नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी कोणीतरी बिलांचा एक अहवाल घाईघाईत लिहितो. जीएसटीचे जीएसटीआर-१ विवरणपत्र दरमहा भरणाऱ्या कंपन्यांना ते पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचे असते; त्यामुळे ८-९ तारखेला अकाउंट्सची मंडळी त्याच्या टेबलाशी येतात, आकडे जुळत नाहीत असे सांगतात, आणि तो दोन तासांत जुळवून देतो. सगळे आभार मानतात. त्यालाही बरे वाटते, कारण हे आपल्याशिवाय कोणाला जमत नाही. वर्षभराने कंपनी तिप्पट होते, बिलांची संपूर्ण नवी प्रणाली बांधायचे ठरते, आणि ते काम बाहेरून आलेल्या दुसऱ्याला मिळते. कारण विचारले तर उत्तर येते : ‘तुझ्याकडे आधीच किती काम आहे, आणि तो अहवाल तुझ्याशिवाय कोण पाहणार?’ ज्या कामामुळे आपण अपरिहार्य वाटत होतो, त्याच कामाने आपल्याला जागेवर खिळवून ठेवलेले असते.

यासाठी दर तिमाहीच्या सुरुवातीला एक पान काढावे आणि आपण करतो ती सर्व कामे लिहावीत, अगदी दहा मिनिटांचीही. त्यांतील जी फक्त आपल्यालाच येतात त्यांच्यावर खूण करावी. खुणा केलेल्यांपैकी किमान एक काम त्या तिमाहीत सोपवायचे. पद्धत साधी आहे, पण पायऱ्या गाळू नयेत. आधी टिपण लिहावे. मग पहिल्या महिन्यात आपण करावे आणि दुसऱ्याने पाहावे. पुढच्या महिन्यात त्याने करावे आणि आपण पाहावे. तिसऱ्या महिन्यात त्याने एकट्याने करावे आणि अडल्यासच विचारावे. त्यानंतर त्या व्यवस्थेवरचे आपले अधिकार काढून घ्यायला सांगावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण टाळतात. अधिकार राहिले की अकाउंट्सची मंडळी पुन्हा आपल्याकडेच येतात आणि आपणही ‘एवढे करून देतो’ म्हणतो. सोपवलेले काम दुसरा आपल्याहून हळू आणि थोडे वेगळ्या पद्धतीने करेल. आकडे बरोबर असतील तर त्यात बोलू नये.

अंगावर येणारे नवे काम थोपवणेही याच कौशल्याचा भाग. फाउंडर रात्री व्हॉट्सअॅपवर थेट काम सांगतो आणि मॅनेजरला ते ठाऊक नसते, असे सर्रास घडते. नाही म्हणू नये, होही म्हणू नये. ‘हे या आठवड्यात घेतले तर अमुक रिलीज दोन आठवडे पुढे जाईल, चालेल का?’ असे लिहावे आणि मॅनेजरला त्यात घ्यावे. निम्म्या वेळा उत्तर ‘मग राहू दे’ असे येते.

वरचे माणूस बदलते तेव्हा

मोठा राउंड झाला की अनुभवी माणसे बाहेरून आणली जातात, आणि काल फाउंडरशी थेट बोलणाऱ्याच्या वर दोन पातळ्या तयार होतात. यात अपमान मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. चाळीस माणसांच्या कंपनीतले ‘हेड’ हे पद चारशे माणसांच्या कंपनीत टिकेलच असे नाही; पदनामाचा आग्रह धरण्यापेक्षा कामाची व्याप्ती आणि पगार यांवर बोलावे.

नव्या मॅनेजरला आपला इतिहास ठाऊक नसतो आणि तो सांगणाराही कोणी नसतो. म्हणून आपण काय ठरवले, का ठरवले आणि त्याचा परिणाम काय झाला, याची तारीखवार नोंद स्वतःकडे ठेवावी आणि तिचा एक पानी गोषवारा त्याला पहिल्याच आठवड्यात पाठवावा. सोबत एक प्रश्न विचारावा : पुढील सहा महिन्यांत या टीमचे कोणते काम फसले तर तुम्हाला वर उत्तर द्यावे लागेल? त्या कामाच्या जवळ राहावे.

रजेविषयी एक छोटी सूचना. ‘अमर्यादित रजा’ असे धोरण ऐकायला छान असले तरी त्यात शिल्लक रजेचे पैसे सहसा मिळत नाहीत आणि संकोचाने लोक कमीच रजा घेतात. गणपतीच्या रजेच्या तारखा जानेवारीतच कॅलेंडरवर टाकाव्यात. आणखी एक : दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, ‘आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत’ हे तिच्या अभावाचे उत्तर होऊ शकत नाही.

धोक्याच्या खुणा आणि निघण्याची तयारी

खाऊची फडताळे रिकामी होणे ही धोक्याची खूण नव्हे. ती कधीकधी शहाणपणाची खूण असते. खरी खूण भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात दिसते. मागील महिन्याचा निधी कंपनीने पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पगारातून कापला गेला पण पासबुकात आला नाही, असे दोनदा घडले तर समजावे की पैशांची ओढाताण आहे. पगारातून कापलेला कर आयकर पोर्टलवरच्या २६एएस विवरणात दिसतो का, हेही दर तिमाहीला पाहावे. वित्त विभागाचा प्रमुख अचानक जाणे आणि क्लाउड किंवा इतर सेवांची बिले थकल्याचे ईमेल येणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर बायोडाटा अद्ययावत करायला उशीर करू नये. २०२१ साली भारतात चाळीसहून अधिक कंपन्या युनिकॉर्न (एक अब्ज डॉलर किंवा अधिक मूल्यांकनाच्या) झाल्या आणि २०२२ मध्ये पैसा आटताच कपातीची लाट आली. हवा इतक्या लवकर पालटते. म्हणून सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम वेगळी ठेवावी आणि आई-वडिलांसह कुटुंबाचा आरोग्य विमा कंपनीच्या विम्यावर न सोपवता स्वतंत्र घ्यावा, कारण नोकरी गेली की कंपनीचा विमा सहसा त्याच दिवशी संपतो.

कपात झाली तर त्याच बैठकीत कशावरही सही करू नये; कागद घरी आणून वाचण्यास वेळ मागावा. नोटिस पिरियडचे पैसे, भरपाई, शिल्लक रजा, व्हेरिएबलचा जमा झालेला भाग आणि पक्के झालेले ईसॉप यांचा उल्लेख त्यात स्वतंत्रपणे आहे का ते पाहावे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षे लागतात; स्टार्टअपमध्ये तितकी वर्षे थोड्यांचीच होतात. चार वर्षे उलटून गेली असतील तर मात्र राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी हा हिशोब करावा.

स्वतःहून निघताना ईसॉपची मुदत आधी तपासावी. अनेक योजनांमध्ये नोकरी सोडल्यापासून नव्वद दिवसांत ऑप्शन वापरले नाहीत तर ते रद्द होतात, काही कंपन्या मात्र काही वर्षांची मुदत देतात. नव्वद दिवसांत वर सांगितलेला कर आणि शेअरची किंमत मिळून किती रक्कम उभी करावी लागेल, हे राजीनामा देण्यापूर्वी चार्टर्ड अकाउंटंटकडून काढून घ्यावे. पुष्कळदा उत्तर ‘सोडून द्या’ असेच येते, आणि ते आधी कळलेले बरे. अनुभवपत्र, पगारातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र (फॉर्म १६) आणि भविष्य निर्वाह निधी वर्ग करण्याची प्रक्रिया यांचा पाठपुरावा नोटिस पिरियड चालू असतानाच करावा. ईसॉपचे मंजुरीपत्र आणि योजनेची प्रत एचआरकडून आपल्या वैयक्तिक पत्त्यावर मागवावी. ईसॉपचे पोर्टल कंपनीच्या ईमेलनेच उघडत असेल, तर तिथेही वैयक्तिक ईमेल नोंदवून घ्यावा, कारण कार्यालयाचा ईमेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो आणि नंतर आपल्या शेअरची साधी पोचपावती मिळवायलाही ओळखीच्या माणसाला फोन करावा लागतो.